अमिडॉक्झाईम पहिल्यांदा हाती घेताना

एमएस्सी किंवा एमफार्मच्या प्रोजेक्टला बसलेल्या मुलांच्या वाट्याला कधी ना कधी अमिडॉक्झाईम येतंच. गाईड एक नायट्राईल (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंधाचा रेणू) हातात देतात, "याचं अमिडॉक्झाईम करून घे, मग पुढचं बघू" म्हणतात, आणि मुलं त्याच दुपारी फ्लास्क लावतात. नायट्राईलवर हायड्रॉक्सिलअमाईन घालून तापवायचं, एवढीच एका ओळीची रिॲक्शन असल्यामुळे तिच्याबद्दल कोणी बसून बोलत नाही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लॅबमध्ये औषधरसायनाचं काम करतो. माटुंगा, कालिना, विलेपार्ल्याहून इंटर्नशिपला येणारी मुलं दर वर्षी त्याच तीन-चार जागी अडकताना बघतो. त्या जागा आधीच दाखवाव्यात म्हणून हे लिहितोय.

आधी रेणू ओळखा

एक कार्बन घ्या. त्याच्या एका बाजूला साधा अमिनो गट, एनएच-टू. दुसऱ्या बाजूला दुहेरी बंधाने जोडलेला नायट्रोजन, आणि त्या नायट्रोजनवर एक ओएच. हे झालं अमिडॉक्झाईम. त्यातला ऑक्सिजन काढून टाकला की अमिडीन उरतं. औषधरसायनात या रेणूला जे महत्त्व आहे, त्यातलं बरंचसं या एका ऑक्सिजनमुळे आहे.

अमिडीन हा अतिशय कामाचा गट. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन हे एन्झाईम आर्जिनिन या अमिनो आम्लाला ओळखून प्रथिनं कापतं. बेन्झअमिडीन आर्जिनिनसारखंच दिसतं, त्यामुळे ते थेट त्या एन्झाईमच्या खोबणीत जाऊन बसतं. काला आजार आणि आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावर इंजेक्शनने दिलं जाणारं पेंटामिडीनसुद्धा अमिडीनच, एका रेणूत दोन. पण इंजेक्शनच का? गोळी का नाही?

उत्तर पीकेएमध्ये आहे, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात त्या आकड्यात. बेन्झअमिडीनचा पीकेए साधारण ११.६. शरीराच्या ७.४ पीएचला हिशेब केला तर सुमारे १६,००० रेणूंमागे जेमतेम एक बिनभाराचा असतो, बाकी सगळे धनभारित. धनभारित रेणू आतड्याच्या स्निग्ध पडद्यातून सहजासहजी पार होत नाही. आता नायट्रोजनवर तो एक ऑक्सिजन बसवा. पीकेए एकदम ५ च्या आसपास उतरतो, आणि त्याच ७.४ पीएचला बहुतेक सगळे रेणू बिनभाराचे होतात. हा हिशेब एकदा स्वतः वहीत करून बघा. हेंडरसन-हॅसलबाल्खचं समीकरण बारावीत पाठ केलं होतं, त्याचा खरा उपयोग इथे कळतो.

आतड्यातून पार झाल्यावर ऑक्सिजनचं हे पांघरूण काढतं कोण? हे बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. जर्मनीतल्या कील विद्यापीठात बर्न्ड क्लेमेंट यांच्या गटाने २००६ साली डुकराच्या यकृतातल्या मायटोकॉन्ड्रियातून ते एन्झाईम वेगळं काढलं. नाव एमएआरसी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला अमिडॉक्झाईम क्षपण करणारा घटक. त्यात मोलिब्डेनम असतं. माणसात मोलिब्डेनम वापरणारी चारच एन्झाईम्स माहीत आहेत, त्यातलं हे चौथं. ते एकटं काम करत नाही: सायटोक्रोम बी-५ आणि त्याचं रिडक्टेज असे दोन सोबती लागतात, आणि इलेक्ट्रॉन येतात एनएडीएचकडून. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटच्या पायरीत त्याच्यावाचून अडतं.

तुमचं अमिडॉक्झाईम कशासाठी आहे ते गाईडना विचारा

फ्लास्क लावण्याआधीचा हा प्रश्न. बहुतेक मुलं तो विचारत नाहीत आणि नंतर चुकीच्या चाचण्या करत बसतात. अमिडॉक्झाईम तीन वेगवेगळ्या नात्यांनी औषधात येतं.

पहिलं नातं प्रोड्रगचं, म्हणजे शरीरात गेल्यावर खरं औषध होणाऱ्या रेणूचं, वर सांगितलं ते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण झिमेलागाट्रान. मेलागाट्रान हे थ्रॉम्बिन रोखणारं अमिडीन तोंडावाटे घेतलं तर फार थोडं, ३ ते ७ टक्के, रक्तात पोचायचं. ॲस्ट्राझेनेकाच्या रसायनतज्ज्ञांनी अमिडीनचं अमिडॉक्झाईम केलं, दुसऱ्या टोकाच्या आम्लाचं इथाईल एस्टर केलं, आणि ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास गेलं. वॉरफरिनला पर्याय म्हणून सगळ्या जगाचं त्याच्याकडे लक्ष होतं. पण महिनाभराहून जास्त काळ औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांत यकृताचं एएलटी हे एन्झाईम तिपटीहून वर गेलं, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये औषध बाजारातून मागे घेतलं गेलं. त्यानंतरच्या जनुकीय अभ्यासात या त्रासाचा संबंध एचएलए जनुकांच्या एका विशिष्ट प्रकाराशी दिसला, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेचा त्यात हात असावा. शोषणाचं कोडं सुरेख सुटलं तरी औषध हातातून गेलं. प्रोड्रगवर काम करणाऱ्याने ही गोष्ट तपशिलात वाचावी, नुसतं "प्रोड्रग स्ट्रॅटेजी" या स्लाइडवर टाकून पुढे जाऊ नये.

झोपेच्या आजारावरच्या पाफुरामिडीनचंही असंच झालं. फ्युरामिडीनमधल्या दोन्ही अमिडीनांवर मिथॉक्सी पांघरूण घातलं होतं, गोळी म्हणून ते चाललंही, पण मूत्रपिंडावर परिणाम दिसल्यामुळे २००८ मध्ये तो कार्यक्रम थांबवावा लागला. आफ्रिकेतल्या दूरच्या गावात इंजेक्शनऐवजी गोळी देता आली असती, म्हणून ही हानी मला जास्त टोचते.

दुसरं नातं पायरीचं. इथे अंतिम औषधात अमिडॉक्झाईम उरतच नाही, त्याच्यावरून पुढे काही बांधलं जातं. एचआयव्हीवरचं राल्टेग्रॅव्हिर (अमेरिकेत मान्यता २००७) घ्या. त्याचं पिरिमिडिनोन वलय तयार होतं ते अमिडॉक्झाईममधूनच. रक्तदाबावरच्या अझिलसार्टानमध्ये अमिडॉक्झाईमचं ऑक्झाडायझोलोन वलय होतं, आणि कॅन्डेसार्टानमध्ये जिथे टेट्राझोल होतं तिथे ते बसतं. पार्किन्सन्सवरच्या ओपिकापोनमध्ये आणि मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या ओझानिमॉडमध्ये १,२,४-ऑक्झाडायझोल दिसेल. मुंबईच्या आसपासच्या कारखान्यांत नोकरी धरणाऱ्या मुलांना बहुधा याच नात्याचं काम मिळतं.

तिसऱ्या नात्यात अमिडॉक्झाईम स्वतःच औषध असतं, कारण ते धातूला पकडतं. कर्करोगाच्या प्रतिकारशक्ती उपचारासाठी केलेल्या एपॅकाडोस्टॅटमध्ये हाच गट आयडीओ-१ एन्झाईममधल्या हीमच्या लोहाला जाऊन धरतो. २०१८ मध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी अपयशी ठरली, तरी ती बांधणी अभ्यासण्यासारखी आहे. धातू पकडण्याच्या याच गुणावर आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही काम झालंय. तंतूंवर पॉलिमरच्या साखळ्या चढवायच्या, त्यांचं अमिडॉक्झाईम करायचं आणि समुद्राच्या पाण्यातून युरेनियम ओढायचं. एक टन समुद्राच्या पाण्यात युरेनियम असतं जेमतेम ३ मिलिग्रॅम! एवढ्याशा युरेनियमला शोधून धरणारा गट तुमच्या चाचणीतल्या लोहाला, जस्ताला, तांब्याला सोडेल का? त्यामुळे एखादं धातूवालं एन्झाईम तुमच्या रेणूने बंद पडलं, तर आनंद करण्याआधी चाचणीत जादा धातू घालून परिणाम टिकतो का ते बघा.

हायड्रॉक्सिलअमाईनशी कसं वागायचं

इथे घाई करू नका. १९ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात हायड्रॉक्सिलअमाईनचं पाण्यातलं द्रावण ऊर्ध्वपातनाने घट्ट करताना स्फोट झाला, पाच माणसं गेली. पुढच्याच वर्षी, जून २००० मध्ये, जपानमध्ये तसाच स्फोट, चार मृत्यू. मोकळं हायड्रॉक्सिलअमाईन जसजसं घट्ट होतं तसतसं धोकादायक होतं, आणि लोखंड किंवा तांब्याचा अंश त्यात गेला की विघटन भडकतं.

विद्यार्थ्याच्या प्रमाणावर याचा अर्थ सरळ आहे. ५० टक्के द्रावणाच्या बाटलीऐवजी हायड्रोक्लोराइड मीठ वापरा. लोखंडी चमचा त्यात घालू नका, प्लॅस्टिकचा घ्या. रिॲक्शन मिश्रण रोटावर (सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावर) कोरडं करू नका. काम फ्युम हूडमध्येच, ग्लोव्ह्ज घालून. हे मीठ त्वचेला ॲलर्जी आणतं, आणि पोटात किंवा त्वचेतून शरीरात गेलं तर रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं.

मुंबईचा पाऊस हा यात वेगळा विषय. जून ते सप्टेंबर हायड्रॉक्सिलअमाईन हायड्रोक्लोराइडची उघडी बाटली दमट हवा ओढून घेते. पांढरे सुटे स्फटिक आधी चिकट होतात, मग त्यांचा गोळा होतो. गोळा झालेल्या मिठाचं वजन म्हणजे मीठ अधिक पाणी, तुमचे इक्विव्हॅलंट तिथेच चुकतात. प्रिन्सेस स्ट्रीटवरून (मुंबईतला रसायनांचा बाजार) मागवताना पाचशे ग्रॅमच्या मोठ्या बाटलीपेक्षा शंभर ग्रॅमच्या बाटल्या मागवा, एका वेळी एकच उघडा, झाकणावर पॅराफिल्म लावून डेसिकेटरमध्ये ठेवा. स्टोअरमधल्या मामांना तारीख लिहायला सांगा. ते लिहितात, आपण विचारत नाही एवढंच.

रिॲक्शन लावणं

पहिल्यांदा स्वतःच्या महागड्या नायट्राईलवर प्रयोग करू नका. बेन्झोनायट्राईलवर हात बसवा.

५० मिलिलिटरच्या आरबीमध्ये (गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये) १.३९ ग्रॅम हायड्रॉक्सिलअमाईन हायड्रोक्लोराइड (२० मिलिमोल) घ्या. १५ मिलिलिटर इथेनॉल आणि ५ मिलिलिटर पाण्यात ढवळा. १.६८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट (तेवढेच २० मिलिमोल) थोडं थोडं घाला. फेस येईल, कार्बन डायऑक्साइड सुटतोय, त्यामुळे फ्लास्क बंद करू नका. फेस बसला की १.०३ ग्रॅम बेन्झोनायट्राईल (१० मिलिमोल) घाला, कंडेन्सर लावा आणि ऑइल बाथ ७५ ते ८० अंशांवर ठेवा. दोन-दोन तासांनी टीएलसी (पातळ थरावर ठिपके वेगळे करायची चाचणी) मारा, अर्धं इथाईल ॲसिटेट, अर्धं हेक्झेन. नायट्राईलचा ठिपका वर पळतो, अमिडॉक्झाईमचा बराच खाली राहतो. पाच-सहा तासांत काम होतं. ज्या नायट्राईलच्या शेजारीच मोठा गट आहे ते आडमुठेपणा करतं. त्याला रात्रभर ठेवावं लागतं.

थंड झाल्यावर पाणी घालून पातळ करा आणि इथाईल ॲसिटेटने तीनदा काढून घ्या. आता शुद्ध करण्याची माझी आवडती रीत, कॉलम न लावता. इथाईल ॲसिटेटचा थर गार, एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने हलवा. अमिडॉक्झाईम आम्लाच्या थरात उतरतं, उरलेलं नायट्राईल आणि अमाईड (सोबत होणारी अशुद्धी, तिच्याबद्दल पुढे) वरच राहतं. आम्लाचा थर एकदा ताज्या इथाईल ॲसिटेटने धुवा, मग बायकार्बोनेटने पीएच ८ ते ९ पर्यंत आणा आणि पुन्हा काढून घ्या. कॉस्टिक सोडा ओतून पीएच १३ वर नेलात तर अमिडॉक्झाईमचा ओएच स्वतःच प्रोटॉन सोडतो आणि पदार्थ परत पाण्यात जातो. यील्ड कुठे गेलं हे शोधत मुलं दिवस घालवतात, आणि ते समोरच्या बीकरमध्येच असतं. आम्लात रेंगाळूही नका. गरम आम्लात अमिडॉक्झाईम फुटतं.

बेन्झअमिडॉक्झाईम ७७ ते ७९ अंशांना वितळतं. शंभर टक्के यील्ड आलं तर १.३६ ग्रॅम मिळायला हवं.

अमाईड: मी फसलो ती जागा

हायड्रॉक्सिलअमाईनला दोन टोकं आहेत, नायट्रोजनचं आणि ऑक्सिजनचं. नायट्राईलच्या कार्बनवर नायट्रोजनचं टोक लागलं तर अमिडॉक्झाईम. ऑक्सिजनचं लागलं तर शेवटी मिळतं अमाईड. रिंगवर मिथॉक्सी, अमिनो असे इलेक्ट्रॉन देणारे गट असतील तर अमाईड जास्त होतं. अझिलसार्टानच्या मार्गातही ही अमाईडची अशुद्धी प्रसिद्ध आहे, आणि तिला आवर घालण्यासाठी बरीच डोकी कामाला लागली आहेत.

माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये, जुलै महिन्यात, मी मिथॉक्सी गटाचं नायट्राईल लावलं होतं. टीएलसीवर नायट्राईल संपलं, खाली नवा ठिपका आला. गाळल्यावर पांढरेशुभ्र, सुईसारखे स्फटिक. मी ते अमिडॉक्झाईम समजून पुढे आम्ल क्लोराइडशी जोडायला घेतलं. तीन आठवडे वलय काही बंद होईना. तापमान वाढवलं, सॉल्व्हंट बदलला, बेस बदलला. शेवटी लॅबमधल्या एका सीनियर दादांनी माझी व्हायल मागितली. स्पॉटिंग टाइलच्या एका खळग्यात त्यांनी आपल्या जुन्या अमिडॉक्झाईमचे दोन कण टाकले, दुसऱ्यात माझे. दोन्हींत थेंबभर इथेनॉल, आणि वर फेरिक क्लोराइडचा एक-एक थेंब. त्यांच्या खळग्यात क्षणात कोकमाच्या आगळासारखा गडद लाल रंग फुलला. माझ्या खळग्यात फेरिक क्लोराइडचा स्वतःचा पिवळेपणा तसाच राहिला, कडेला किंचित तांबूस. तीन आठवडे मी मुख्यतः अमाईडवर काम करत होतो.

तेव्हापासून फेरिक क्लोराइडची ड्रॉपरवाली बाटली माझ्या टेबलावर कायम असते. टीएलसी प्लेटवर फवारलं तरी चालतं. हायड्रॉक्झॅमिक आम्लही असाच लालसर-जांभळा रंग देतं, तेवढं ध्यानात ठेवा.

रंग आला म्हणून एनएमआर टाळायचा नाही. डीएमएसओमध्ये टाका, क्लोरोफॉर्ममध्ये नको, तिथे हे प्रोटॉन पसरून हरवतात. बेन्झअमिडॉक्झाईमचा ओएच ९.६ च्या आसपास एक टोकदार शिखर देतो, एनएच-टू ५.८ ला दोन प्रोटॉनांचं रुंद शिखर. अमाईडचे दोन एनएच वेगवेगळे, साधारण ७.४ आणि ८.० ला, बऱ्याचदा बेन्झीन वलयाच्या प्रोटॉनांच्या गर्दीत लपलेले. कार्बनमध्ये तर गोंधळाला जागाच नाही: अमिडॉक्झाईम १५१ च्या आसपास, अमाईड १६८ ला, नायट्राईल ११८ ला. मासमध्ये (एक जादा प्रोटॉन धरून) बेन्झअमिडॉक्झाईम १३७ दाखवतं, बेन्झअमाईड १२२. आयआरमध्ये २२३० ची नायट्राईलची रेघ गेली एवढ्यावर खूश होऊ नका. ती अमाईड झालं तरी जाते.

पुढे न्यायचं असेल तर

ऑक्झाडायझोल हवं असेल तर आम्ल क्लोराइड किंवा सीडीआयने (कार्बोनिलडायइमिडाझोलने) सक्रिय केलेलं आम्ल घाला. आधी ऑक्सिजनवर ॲसाईल गट बसतो आणि हा टप्पा वेगळा काढता येतो. मग टोल्युईन किंवा पिरिडीनमध्ये तापवून पाणी घालवलं की वलय बंद होतं. तापवल्याने रेणू बिघडत असेल तर टीबीएएफ (एक फ्लुओराइड मीठ) सामान्य तापमानालाही काम करतं. ऑक्झाडायझोलोनसाठी सीडीआय आणि डीबीयू (एक बेस) पुरतात. अमिडीन हवं असेल तर ॲसेटिक आम्लात ॲसेटिक ॲनहायड्राइडने ऑक्सिजनवर ॲसिटाईल चढवा, मग पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजन. ॲसिटाईल न चढवता थेट हायड्रोजन दिला तर रिॲक्शन रेंगाळते.

जीवशास्त्राच्या लॅबला व्हायल देताना

प्रोड्रगचं काम असेल तर ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. औषधाचा चयापचय बघायचा म्हटलं की लॅब सवयीने यकृताचे मायक्रोसोम (पेशीतल्या पडद्यांचे तुकडे) आणि एनएडीपीएच घेते, कारण सायटोक्रोम पी-४५० या औषधं मोडणाऱ्या एन्झाईम्ससाठी तेच लागतं. पण तुमचं पांघरूण काढणारं एमएआरसी मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर असतं आणि त्याला एनएडीएच लागतं. नुसते मायक्रोसोम आणि एनएडीपीएच वापरले तर रूपांतर कमी दिसेल आणि चांगला रेणू नापास होईल. उलट सायटोक्रोम पी-४५० अमिडॉक्झाईमचं ऑक्सिडेशन करू शकतं, त्यात नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि मागे अमाईड किंवा नायट्राईल उरतं. त्यामुळे मायटोकॉन्ड्रिया किंवा पूर्ण यकृतपेशी वापरायला सांगा, एनएडीएच घालायला सांगा, आणि सोबत दोन तुलना-नमुने ठेवायला सांगा: एक एनएडीएच न घातलेला, एक उकळून निकामी केलेल्या प्रथिनाचा.

मोजमापाचं तंत्रही आधी ठरवून घ्या. अमिडॉक्झाईम आणि अमिडीनमध्ये फरक १६ चा, फक्त एका ऑक्सिजनचा. मास स्पेक्ट्रोमीटरच्या गरम स्रोतातच हा ऑक्सिजन काही वेळा गळून पडतो, आणि एन्झाईमने काहीच केलं नसताना अमिडीन दिसायला लागतं. म्हणून दोन्हींची शिखरं कॉलमवर वेगळी झालीच पाहिजेत. साध्या सी-१८ कॉलमवर अमिडीन थांबत नाही, सुरुवातीलाच वाहून जातं. हिलिक कॉलम किंवा आयन-पेअर वापरावं लागतं. व्हायलसोबत शुद्ध अमिडीनचा नमुना स्वतः करून द्या, नाहीतर समोरच्यांना शिखर ओळखायला काही आधारच नसतो.

एम्स चाचणीसाठी थोडा पदार्थ सुरुवातीलाच बाजूला काढा. काही अमिडॉक्झाईम्सनी जीवाणूंमध्ये उत्परिवर्तन घडवलेलं आहे, आणि उरलेलं हायड्रॉक्सिलअमाईन तर स्वतःच उत्परिवर्तक आहे. नमुन्यात त्याचा अंश राहिला असेल तर दोष रेणूचा की अशुद्धीचा ते सांगता येत नाही. म्हणून पाठवण्याआधी आम्ल-बायकार्बोनेटची ती धुलाई आणखी एकदा करा, व्हायलवर बॅच नंबर आणि धुतल्याची तारीख लिहा, आणि पावसाळा असेल तर सिलिका जेलची पुडी टाकून सील करा.